दुसऱ्या खुर्चीत काय घडतं?

१९९९ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकणाऱ्या ४१ विद्यार्थ्यांचे दोन गट केले गेले. १३ जणांनी नेहमीसारखे आपापले प्रोग्रॅम लिहायचे. उरलेल्या २८ जणांच्या १४ जोड्या. प्रत्येक जोडीला एक कॉम्प्युटर, एक कीबोर्ड आणि एकच प्रोग्रॅम. काम निम्मं-निम्मं वाटून घ्यायला मनाई. एकाने टाइप करायचं. दुसऱ्याने शेजारच्या खुर्चीत बसून पडद्याकडे बघायचं, बोलायचं, शंका काढायच्या. मधूनमधून जागांची अदलाबदल.

साध्या हिशेबाने पाहिलं तर हा निव्वळ अपव्यय. एका कामावर दोन माणसं बसवली की खर्ची पडणारे तास दुप्पट व्हायला हवेत. लॉरी विल्यम्स ही संशोधक विद्यार्थिनी आपल्या पीएचडीसाठी नेमका हाच हिशेब तपासत होती. पहिल्या असाइनमेंटला जोडीतल्या दोघांचा वेळ मिळून, एकट्याने काम करणाऱ्यापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त भरला. मग जोडीदार एकमेकांना सरावले आणि ही वाढ सुमारे १५ टक्क्यांवर उतरली. म्हणजे एकट्याला दहा तास लागत असतील, तर जोडी पावणेसहा तासांत काम संपवून उठत होती. शिवाय कोड चांगला होता. एकेकट्यांचे प्रोग्रॅम साधारण ७० ते ७८ टक्के चाचण्यांत उत्तीर्ण झाले, जोड्यांचे ८६ ते ९४ टक्के. आणि तेच काम करणारा जोड्यांचा कोड लांबीलाही कमी होता.

आता त्या दुसऱ्या खुर्चीकडे बघा. तिथे बसलेल्याचे हात रिकामे आहेत. त्या वेळात त्याने एकही अक्षर टाइप केलेलं नाही. तरीही काम जवळजवळ दुप्पट वेगाने संपलं, चुका कमी झाल्या, कोड आखूड झाला. मग ते डोकं तिथे करत काय होतं? मला या सगळ्या संशोधनातला सर्वांत सुंदर प्रश्न हाच वाटतो. तास आणि टक्के मोजणं त्या मानाने सोपं होतं. दोन माणसांच्या मधल्या हवेत काय घडतं, हे पकडायला संशोधकांना फार वेगळ्या वाटांनी जावं लागलं.

या पद्धतीला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस केंट बेक यांनी ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ नावाच्या कार्यपद्धतीत तिला मानाचं स्थान दिलं आणि ती जगभर पोचली. पण दोघांनी मिळून प्रोग्रॅम रचण्याची गोष्ट कीबोर्डच्याही आधीची आहे. फिलाडेल्फियातल्या मूर स्कूलमध्ये एनियाक हे अवाढव्य यंत्र उभं राहिलं, तेव्हा त्याला प्रोग्रॅम द्यायचा म्हणजे केबल जोडायच्या आणि स्विच फिरवायचे. १५ फेब्रुवारी १९४६ च्या जाहीर प्रात्यक्षिकात तोफगोळ्याचा मार्ग काढून दाखवायचा होता आणि तो प्रोग्रॅम बसवला बेटी स्नायडर आणि जीन जेनिंग्ज या दोन तरुणींनी. त्या एकमेकींच्या कामातल्या चुका शोधत आणि त्यात त्यांना आनंद वाटे, असं जीन यांनी पुढे आवर्जून सांगितलं. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी एक चूक उरलीच होती: गोळा जमिनीवर पोचला तरी गणित थांबतच नव्हतं. रात्री झोपेत बेटींना उत्तर सुचलं आणि सकाळी येऊन त्यांनी एक स्विच बदलला. उत्तर एकटीला सुचलं हे खरं. पण त्याआधी कितीतरी दिवस दोघींनी तो प्रश्न बोलून बोलून उकललेला होता.

वर्गात मात्र प्रोग्रॅमिंग बराच काळ एकट्यानेच शिकायची गोष्ट राहिली. शेजाऱ्याच्या पडद्याकडे पाहणं म्हणजे कॉपी. पहिल्याच सत्रात पडद्यावर लाल अक्षरांत चूक दिसते, ती कशाची हे कळत नाही, विचारावं तर लाज वाटते आणि मूल हळूहळू ठरवतं की हे आपल्याला जमणारं नाही. जगभरच्या कॉम्प्युटर विभागांना पहिल्या वर्षातली ही गळती छळत आली आहे. म्हणूनच सांताक्रूझ इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात चार्ली मॅकडॉवेल, लिंडा वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेलं काम मला युटाच्या प्रयोगाहून जास्त हलवून जातं. त्यांनी २०००-०१ मध्ये प्रोग्रॅमिंगच्या अगदी पहिल्या कोर्सच्या काही तुकड्यांना जोडीने असाइनमेंट करायला सांगितलं आणि एका तुकडीला एकेकट्याने. जोडीवाल्या तुकड्यांतले सुमारे ९१ टक्के विद्यार्थी शेवटच्या परीक्षेपर्यंत टिकले. एकट्यांच्या तुकडीतले सुमारे ८० टक्के.

यावर लगेच एक शंका येते आणि ती रास्त आहे. जोडीतला कच्चा विद्यार्थी हुशाराच्या खांद्यावर बसून पुढे सरकत असेल तर? पण शेवटची परीक्षा प्रत्येकाने एकट्याने दिली होती आणि जोडीवाल्यांचे गुण एकट्यांच्या तोडीचे होते. ही बरोबरी दिसते त्याहून मोठी आहे. एकट्यांच्या तुकडीत डळमळीत विद्यार्थी आधीच निघून गेले होते, त्यामुळे उरलेल्यांची सरासरी वर असायला हवी होती. जोडीवाल्या तुकड्यांनी त्या डळमळीत मुलांना सोबत घेऊनही तीच सरासरी गाठली.

वर्षभराने संशोधकांनी पाहिलं की, कॉम्प्युटरमध्ये पदवी घ्यायचा इरादा बाळगून आलेल्यांपैकी किती जणांनी खरोखर ती शाखा निवडली. मुलग्यांत जोडीवाल्यांपैकी ७४ टक्के, एकट्यांपैकी ४७ टक्के. मुलींमध्ये जोडीवाल्यांपैकी जवळजवळ ६० टक्के, एकट्यांपैकी २२ टक्के. विद्यार्थ्यांना तुकड्या चिठ्ठ्या टाकून दिलेल्या नव्हत्या, त्यामुळे या आकड्यांकडे सावधपणे पाहायला हवं. तरी बावीस आणि साठ यांच्यातल्या त्या दरीत किती मुलींची आयुष्यं मावतात, हा विचार मला सोडत नाही. रात्रभर एकट्याने मशीनसमोर बसणारा तो ठरावीक प्रोग्रॅमर डोळ्यांसमोरून हलला की कुणाकुणाला आत यावंसं वाटतं, हे त्यातून दिसतं.

पण दुसऱ्या खुर्चीचं कोडं अजून तसंच आहे. त्यासाठी आपल्याला सॅन दिएगोला आणि एका शिलाई मशीनपाशी जायला हवं.

नाओमी मियाके या जपानी संशोधिकेचा एक अभ्यास १९८६ साली प्रसिद्ध झाला. त्यात कॉम्प्युटरचा संबंध नव्हता. तिने दोन-दोन माणसांच्या तीन जोड्यांना विचारलं: शिलाई मशीन टाका कसा घालतं, ते दोघं मिळून शोधून काढा. प्रश्न ऐकायला किरकोळ आहे. पण जरा मनात घोळवून पाहा. वरचा दोरा रिळावरून सुईत येतो, खालचा दोरा बॉबिनवर गुंडाळलेला असतो आणि टाक्यात दोन्ही दोरे एकमेकांत अडकतात. दोन्ही दोऱ्यांची एक बाजू कापडात शिवलेली आणि दुसरी रिळावर किंवा बॉबिनवर. मोकळं टोक कुठेच नाही. मग एक दोरा दुसऱ्याभोवती फिरतो कसा?

पहिलं उत्तर सापडतं: सुई खाली गेल्यावर दोऱ्याचा छोटा फास तयार होतो आणि खालचा एक आकडा तो पकडून अख्ख्या बॉबिनला वळसा घालून नेतो. कळलं! क्षणभर समाधान. मग पुढचा प्रश्न उभा राहतो: बॉबिनची डबी मशीनला कुठेतरी जोडलेली असणार ना? जिथे जोडली आहे तिथे फास अडकायला हवा. पुन्हा काही कळेनासं होतं. बराच खल झाल्यावर लक्षात येतं की डबी मागून कशालाच घट्ट जोडलेली नाही. ती आपल्या खोबणीत सैल बसलेली आहे आणि दोरा तिच्या मागूनही सरकून जातो. हे लिहितानाही मला त्या यंत्राच्या कल्पकतेचं नवल वाटतं. घरोघरी खडखडणाऱ्या मशीनच्या पोटात हे घडत असतं.

मियाकेने प्रत्येक शब्द ध्वनिमुद्रित करून तपासला. तिला दिसलं की समज सरळ रेषेत वाढत नाही. कळलं, मग एक पायरी खाली उतरलो तर कळेनासं झालं, मग पुन्हा कळलं, अशी ती हेलकावत खोल जाते. आणि त्या हेलकाव्यात दोघांची कामं आपसूक वेगळी होतात. एका वेळी एकजण स्पष्टीकरण रचत पुढे जात असतो, दुसरा थोडा मागे राहून पाहत असतो आणि “थांब, हे असं कसं होईल?” ही हरकत बहुतेक वेळा त्या मागच्याकडून येते. स्वतःच स्वतःचं म्हणणं खोडून काढणारे कमी. त्याहून थक्क करणारी गोष्ट अशी की, हरकत उपयोगी ठरायला जास्त ज्ञान लागत नव्हतं. ज्याला मशीनबद्दल कमी कळत होतं त्याच्याही शंकेने जाणकाराला एक पायरी खाली उतरावं लागत होतं. दुसऱ्या खुर्चीतलं डोकं काय करत असतं, त्याचं पहिलं पक्कं उत्तर मला इथे सापडतं. त्या डोक्याला न कळण्याची मोकळीक असते.

टाइप करणाऱ्याला ती नसते. यादीतल्या आकड्यांची सरासरी काढायचा चार ओळींचा प्रोग्रॅम घ्या. लिहिणाऱ्याच्या डोक्यात कंस आहेत, व्हेरिएबलची नावं आहेत, लूप कुठून कुठवर फिरवायचा हे आहे. शेजारचा सहज विचारतो, “यादी रिकामीच असली तर?” आणि दोघांनाही एकदम दिसतं की प्रोग्रॅम शून्याने भागायला निघाला आहे. प्रश्न विचारणारा जास्त हुशार असण्याची गरज नाही. तो फक्त अर्धं पाऊल मागे उभा होता.

सॅन दिएगोतच निक फ्लोर आणि एडविन हचिन्स यांनी १९९१ मध्ये दोन प्रोग्रॅमर मिळून एक जुना प्रोग्रॅम सुधारत असताना त्यांचं बोलणं टिपलं. हचिन्स हे नौदलाच्या जहाजावर दिशा ठरवणाऱ्या तुकडीचा अभ्यास केलेले मानववंशशास्त्रज्ञ. जहाज कुठे आहे हे तिथल्या कुणा एकाच्या डोक्यात नसतं. ते नकाशा, उपकरणं आणि माणसांच्या बोलण्यात मिळून ठरतं, असं ते दाखवत आले होते. प्रोग्रॅमरांच्या जोडीतही त्यांना तसंच दिसलं. दोघं एकट्यापेक्षा जास्त पर्याय चाचपून पाहत होते, कारण दोघांच्या मनात सुरुवातीची योजना वेगळी होती. मघाशी सोडून दिलेली कल्पना एकजण विसरला तरी दुसऱ्याला आठवत होती. आणि अर्धवट वाक्यांत काम भागत होतं.

मग पुस्तकांतून एक सुबक चित्र रूढ झालं. टाइप करणारा ‘ड्रायव्हर’; तो या क्षणीची ओळ सांभाळतो. शेजारचा ‘नॅव्हिगेटर’, तो दूरचा रस्ता बघतो, एकूण रचनेचा विचार करतो. रॅलीच्या मोटारीतून उचललेलं हे चित्र इतकं पटणारं आहे की बरीच वर्षं शिकवणाऱ्यांनी ते तसंच शिकवलं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात सॅलीअ‍ॅन ब्रायंट, पाब्लो रोमेरो आणि बेनेडिक्ट ड्यू बुले यांनी ते तपासायचं ठरवलं. त्यांनी कंपन्यांमधल्या व्यावसायिक जोड्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं आणि प्रत्येक वाक्य कुठल्या पातळीचं आहे, म्हणजे अक्षर-कंसाचं, कोडच्या तुकड्याचं की मूळ समस्येचं, हे नोंदवलं. चित्र खरं असेल तर नॅव्हिगेटरची वाक्यं वरच्या पातळीवर जास्त सापडायला हवीत.

तसं काही सापडलं नाही. दोघंही जवळजवळ सारख्याच पातळ्यांवर बोलत होते. दूर पाहणारा आणि जवळ पाहणारा अशी वाटणीच नव्हती. दोघं एकाच ठिकाणी पाहत, एकदमच वर-खाली होत होते. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच नॅव्हिगेटरच्या भूमिकेला गूढ म्हटलेलं आहे. त्यांचा तर्क असा की, हात चालवता चालवता मोठ्याने विचारही करायचा, हा ड्रायव्हरवर जादा बोजा असतो. तो वाढला की शेजारचा तो उचलतो आणि थोड्या वेळाने परत देतो.

हे ‘मोठ्याने विचार करणं’ स्वतःच एक औषध असतं. पिट्सबर्गच्या मिशेलिन ची आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं की, भौतिकशास्त्रातली सोडवलेली उदाहरणं वाचताना जे विद्यार्थी प्रत्येक पायरी स्वतःला समजावून सांगत, ते नंतरची गणितं जास्त चांगली सोडवत. तेच विद्यार्थी “हे मला कळलं नाही” असंही वारंवार म्हणत. कच्च्या विद्यार्थ्यांना मात्र सगळं कळतंय असं वाटत राहायचं. एकट्याने बसल्यावर स्वतःशी असं बोलणं फार थोड्यांच्या अंगवळणी पडतं. शेजारी जिवंत माणूस असला की बोलावंच लागतं.

इतकं वाचून कुणी उद्यापासून ऑफिसात सगळ्यांना जोडीने बसवायला निघेल, तर त्याने आधी नॉर्वेतला प्रयोग पाहावा. सिम्युला संशोधन संस्थेच्या एरिक अरिशोल्म आणि सहकाऱ्यांनी नॉर्वे, स्वीडन आणि ब्रिटनमधल्या २९ कंपन्यांतले २९५ व्यावसायिक प्रोग्रॅमर घेतले: ९९ एकटे, ९८ जोड्या. २००७ मध्ये निष्कर्ष आले. एकूण श्रम जोड्यांत ८४ टक्क्यांनी वाढले होते. युटातले १५ टक्के इथे कुठेच नव्हते. सोप्या कामात जोडी वेळेच्या दृष्टीने थोडी पुढे होती, पण कोडचा अचूकपणा वाढला नव्हता. प्रोग्रॅमची रचना गुंतागुंतीची असली की मात्र बरोबर उत्तरांचं प्रमाण ४८ टक्क्यांनी वाढलं आणि सर्वांत जास्त फायदा झाला तो नवख्यांना. मला हा निकाल निराश करत नाही, उलट विषय स्वच्छ करतो. काम हाताबाहेरचं असेल तेव्हा दुसरं डोकं लागतं. शिकणाऱ्याला तर पहिल्या दिवशी प्रत्येकच काम हाताबाहेरचं असतं.

कुणाशेजारी कुणाला बसवायचं, हा शिक्षकांचा जुना पेच आहे. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ इथे लिंडा थॉमस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांनाच विचारलं: कोडची धास्ती घेणाऱ्यापासून कोडचा लढवय्या इथपर्यंतच्या पट्टीवर तुम्ही स्वतःला कुठे ठेवाल? २००३ च्या त्यांच्या लेखानुसार, ज्यांना स्वतःवर फार भरवसा होता त्यांनाच जोडीने काम करणं सर्वांत कमी आवडलं आणि सारखा आत्मविश्वास असलेल्या जोड्यांचं काम जास्त चांगलं झाल्याच्या खुणा दिसल्या. हुशाराला कच्च्याशेजारी बसवलं की काम झालं, ही आपल्या शाळांतली समजूत इथे डळमळते.

शाळकरी मुलांमधला कॉलीन लुईस आणि नीरल शाह यांचा अभ्यास मला जास्त अस्वस्थ करतो. त्यांनी जोडीने प्रोग्रॅम करणाऱ्या मुलांचं बोलणं बारकाईने पाहिलं. ज्या जोडीला लवकर संपवायची घाई, तिथे संवाद आदेशांवर येऊन थांबला: हे दाब, ते हलव, मला दे. एकाचं शिकणं दुसऱ्याने गिळून टाकलं. दोघांना सारखी खुर्ची दिली म्हणून सारखी संधी मिळत नाही.

आपल्याकडच्या बऱ्याच कॉलेजांच्या लॅबमध्ये एका पीसीवर दोन-तीन मुलं बसणं नवीन नाही. मशीन कमी, बॅच मोठी. एकजण टाइप करतो, बाकीचे आउटपुट जर्नलमध्ये उतरवतात आणि व्हायवाला एकेकटे जातात. बाहेरून हे पेअर प्रोग्रॅमिंगसारखंच दिसतं. पण इथे दुसऱ्या खुर्चीला कामच दिलेलं नाही. ठरावीक वेळाने कीबोर्ड दुसऱ्याकडे द्यायचा, शेजाऱ्याच्या हातातून तो ओढून घ्यायचा नाही, जे लिहितो आहोत ते मोठ्याने सांगायचं, काही आठवड्यांनी जोडीदार बदलायचा, एवढे साधे नियम लावले तर तेच टेबल, तेच मशीन वेगळं वागायला लागेल. यासाठी एक रुपयाही लागत नाही आणि मला याची खरोखर तळमळ वाटते, कारण मशीन कमी असण्याचं दुखणं आपल्याकडे आधीच आहे. त्यातून मिळू शकणारं शिकणं मात्र आपण घेत नाही.

जोडीने काम करणं वर्गातल्या इतर बदलांबरोबरही आणता येतं. सॅन दिएगोच्या विद्यापीठात लिओ पोर्टर आणि बेथ सायमन यांनी पहिल्या कोर्समध्ये जोडीने काम करणं, वर्गात आपसात चर्चा करून उत्तर ठरवणं आणि चित्र-आवाजांवर आधारलेल्या असाइनमेंट, अशा तीन गोष्टी एकत्र आणल्या. २०१३ मध्ये त्यांनी मांडलं की कॉम्प्युटर शाखेत टिकून राहणारे विद्यार्थी जवळजवळ एकतृतीयांशाने वाढले. तिन्हींतलं श्रेय कुणाचं किती, हे वेगळं काढता येत नाही.

आता त्या दुसऱ्या खुर्चीवर नवा उमेदवार आला आहे. २०२१ मध्ये गिटहब कंपनीने कोड सुचवणारं ‘कोपायलट’ हे साधन आणलं, तेव्हा त्याची ओळखच पेअर प्रोग्रॅमिंगचा एआय जोडीदार अशी करून दिली. हा जोडीदार दमत नाही, चिडत नाही, मागाल तेव्हा हजर असतो. तो उत्तरं भराभर देतो आणि नवख्यासाठी तिथेच मला धोका दिसतो. शिलाई मशीनसमोर बसलेल्या त्या माणसांपैकी कमी जाणणाऱ्याने उत्तर दिलं नव्हतं. त्याने शंका विचारून जाणकाराला एक पायरी खाली उतरवलं होतं. यंत्राकडूनही असे प्रश्न विचारून घेता येतील, फक्त ते त्याच्याकडे तसे मागावे लागतील. ते कसे मागायचे, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना आधी शेजारच्या माणसाबरोबर बसून शिकता येईल का, हे तपासायला लागणारी लॅब आपल्या जवळजवळ प्रत्येक इंजिनिअरिंग कॉलेजात आज तयार आहे.